बारीतला थांबा

यंदाही जानेवारी उजाडला आणि पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हायवेवर तो वास लागला. नव्या माणसाला वाटतं द्राक्षांचा असेल. द्राक्षांना लांबून वास येत नाही. हा वास पुठ्ठ्याच्या कोऱ्या खोक्यांचा, धुतलेल्या क्रेटचा आणि शीतगृहाचं दार उघडलं की बाहेर सांडणाऱ्या गारठ्याचा. इथल्याच एका पॅकहाऊसमध्ये मी चौदा हंगाम काढलेत. मण्यांचा आकार, साखर, डाग तपासायचे आणि घड पुढे सोडायचा की बाजूला काढायचा ते ठरवायचं, हे माझं काम. पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला येणाऱ्या बायका मला ‘निवडवाल्या ताई’ म्हणतात. तर अशी मी निवडीत मुरलेली बाई. तीन हंगामांपूर्वी मात्र गाडीच्या तीन वस्तूंतून एक निवडायची वेळ आली आणि तेव्हाचं ओझं मी परवापर्यंत गाडीत घेऊन फिरत होते.

गाडी म्हणजे आमची पांढरी छोटी गाडी. दोन मालक करून आमच्याकडे आलेली. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरून पिंपळगावला जायला-यायला ती मला पुरते. वडाळा नाक्याजवळ हनीफभाईंचं गॅरेज आहे, ते तिचे डॉक्टर. साठीचे, बारीक अंगाचे, डोळे मिटून इंजिन ऐकणारे. त्या हंगामाच्या तोंडावर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला आणि मागे सरकून उभे राहिले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. आम्ही दोघं बघत होतो तरी तिचं हेलकावणं संपेना.

“एकदा वर येऊन थांबायला पायजे,” हनीफभाई म्हणाले. “ही तर पाळणा झालीय.”

मग त्यांनी तीन दुखणी सांगितली. टायरची नक्षी झिजून ते गोटा झाले होते. मागच्या डाव्या चाकाची डिस्क, म्हणजे टायर ज्याच्यावर बसतो ते लोखंडी चाक, खड्ड्यात आपटून वाकली होती आणि गाडी हळू झाली की ठणण असा आवाज करायची. आणि दणके झेलणारे चारही शॉकअप संपले होते. माझ्याकडे होते ते हंगामाच्या जादा कामाचे पैसे. त्यात तिन्हींपैकी एकच काहीतरी नीट होणार होतं.

“पयले टायर घ्या मॅडम,” हनीफभाई म्हणाले. “टायर जमिनीला धरतो. बाकी सगळं टायरला धरून आहे.”

आमच्या घरात मात्र अविनाशला अलॉयची चकचकीत चाकं हवी होती. नवरा आहे, त्याला रूपाचं वेड. “डिस्कचा तो ठणठणाट तरी जाईल,” तो म्हणाला, “आणि गाडीला जरा कळा येईल. भिकाऱ्यासारखी दिसते.” मी हसून सोडून दिलं. माझं मन तिसऱ्याच गोष्टीवर बसलं होतं. मला शॉकअप हवे होते, आणि ते माझ्यासाठी नव्हे, नानांसाठी.

नाना म्हणजे माझे वडील. सटाण्याजवळच्या आमच्या गावात धाकट्या भावाकडे राहायचे. उभा जन्म त्यांनी उतारूंची काळी-पिवळी जीप चालवली. त्या वर्षी त्यांचं कॅन्सरचं दुखणं मणक्यांत उतरलं होतं आणि दर दुसऱ्या गुरुवारी त्यांना नाशिकला औषध चढवायला आणावं लागे. माझ्याकडेच राहा म्हटलं तर ऐकत नसत. दोन रात्री राहिले की तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे करून दारात उभे. भावाकडे मोटारसायकल, तिच्यावर तो मणका काय टिकणार? म्हणून मी गुरुवारची सुट्टी बांधून घेतली होती. पहाटे निघायचं, आठच्या सुमाराला गावी पोचायचं, चहा प्यायचा आणि नानांना पुढच्या डाव्या सीटवर पाठीला उशी लावून बसवून परत फिरायचं. देवळा, मग बारी, मग सोग्रसजवळ हायवे, मग पिंपळगाव. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी विचारायची, “दुखलं का?”

“नही,” नाना त्यांच्या अहिराणीत म्हणायचे. समोर बघत, एवढंच.

आमच्याकडे छोट्या घाटाला बारी म्हणतात. देवळ्याच्या पुढची ही बारी काही फार मोठी नाही, लक्ष नसेल तर चढून उतरल्याचंही कळत नाही. दोन्ही बाजूंना बोडक्या टेकड्या, चढाच्या मध्यावर डाव्या हाताला एक पायवाट, ती एका वस्तीकडे जाते. जानेवारीत सकाळी नऊपर्यंत तिथे धुकं साचलेलं असतं. पिंपळगावचं धुकं पांढरं असतं. बारीतलं मला नेहमी करडं वाटत आलंय.

पहिल्याच फेरीला, चढाच्या मध्यावर, नानांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“माय, गाडी थांबाड.”

मला वाटलं लघवीला उतरायचं असेल. मी म्हटलं, वर सपाटीवर घेते.

“वर नही. इठेच. माणूस उतरी राहिना.”

माणूस उतरतोय म्हणे. मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर नानांची औषधांची पिशवी आणि माझा डबा, बाकी कोणी नाही. तरी त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी ब्रेक दाबला आणि हँडब्रेक ओढला. गाडी उभी राहिली. इंजिनाची घरघर, काचेवर दव, आणि मग गाडीचा मागचा भाग हळूच वर आला. मागून कोणी उतरलं की ओझं हलकं होऊन येतो ना, तसाच. तेवढाच.

“उतरना तो,” नाना म्हणाले, म्हणजे उतरला. “चाल आते.”

मी क्लच सोडला. टायर कडेच्या सुट्या खडीवर फिरले, धरले नाहीत. गाडी वीतभर मागे घसरली, मग कुठे तिने उचल खाल्ली. मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. पिंपळगावला द्राक्षांच्या टेम्पोंची रांग लागली होती, तिच्यामागे आम्ही थांबलो, तेव्हा नाना म्हणाले, “टायर बदल. पहिले टायर.”

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. माझे वडील भूत मानणारे नव्हते. आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात उतारा, गंडा, लिंबू-मिरची यांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. नानांच्या जीपच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेलं असायचं आणि सकाळी गाडी चालू करताना ते त्रिशरण म्हणायचे. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर अमावास्येला चाकाखाली लिंबं चिरडत, तेव्हा नाना म्हणत, “लिंबू सरबतले ठेव रे बाबा, चाकले हवा लागस.” बारीच्या माथ्यावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, येणारे-जाणारे त्याच्यापुढे नाणं टाकतात. नानांनी कधी टाकलं नाही. असा माणूस रिकाम्या सीटवरून कोणीतरी उतरतोय म्हणतो, याचं काय करायचं ते मला कळेना. वाटलं, औषधांनी डोकं भ्रमलं असेल. पण मग गाडी वर आली त्याचं काय, हे मी मनाशीसुद्धा मोठ्याने विचारलं नाही.

हनीफभाईंना मात्र आडून विचारलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. चढावर ब्रेक मारला की गाडी पुढे वाकते, मागे ताणते, शॉकअप मेलेले असले की परत जागेवर यायला वेळ घेते, म्हणून माणूस उतरल्यासारखं वाटतं. मला ते पटलं. मी पुढचा सगळा आठवडा वेगवेगळ्या चढांवर गाडी उभी करून बघितली. पाथर्डी फाट्याकडच्या पुलाच्या चढावर, आमच्या पॅकहाऊसच्या उतरंडीवर. कुठेही मागचा भाग वर आला नाही.

दुसऱ्या फेरीला नानांनी मला सांगितलं. गाडी बारीत उभी होती. “उतरना” म्हणून झालं होतं, पण या वेळी त्यांनी मला लगेच निघू दिलं नाही.

मी अकरावीत असतानाची गोष्ट. असाच द्राक्षांचा हंगाम होता, मजुरांची ये-जा वाढलेली, जीप भरून वाहायची. आत बारा-तेरा माणसं आणि मागच्या फळीवर दोघं-तिघं लटकलेली. गाडी दणके खाते म्हणून लोक कुरकुर करत आणि दुसऱ्याच्या जीपमध्ये बसत. नानांचेही टायर तेव्हा पार गोटा झाले होते. हातात एकाच कामापुरते पैसे. नानांनी गाडीला नवे पाटे बसवले, म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. लोक खूश झाले. म्हणाले, नाना, तुमची गाडी आता पाण्यावरून चालल्यासारखी चालते.

“मी बी खूश व्हतू,” नाना म्हणाले.

त्या दिवशी बारीत नवी खडी टाकलेली होती. मागच्या फळीवर एक माणूस होता. त्या वस्तीवरचा, कामावरून घरी चाललेला. त्याने काखेत एक कोरं घमेलं अडकवलं होतं. पायवाट आली तशी त्याने टपावर थाप मारली. काळी-पिवळीत थाप मारली की ड्रायव्हरने थांबायचं, हा कायदा. नानांनी थाप ऐकली. पण गाडी भरलेली, चढ, खाली खडी आणि टायर गुळगुळीत. थांबलो तर पुन्हा उचलणार नाही, मागे घसरेल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, वर सपाटीवर उतर, तिथून मागे ये. आणि गाडी जरा हळू केली. लोक हळू झालेल्या गाडीतून उतरतातच. तोही उतरला. खडीवर त्याचा पाय सरकला.

“मले काही दिसनं नही,” नाना म्हणाले. “निसतं घमेलं ऐकू उनं. कडेवर उभं राहीसन उतारले पळत गयं. ठणण, ठणण. लय टाइम वाजत व्हतं.”

माणूस जागीच गेला. केस झाली, मिटली. माणूस आपण होऊन उतरला असं सगळ्यांनीच सांगितलं, आणि ते खरंच होतं. नानांनी महिनाभरात टायर बदलले आणि त्यानंतर जितकी वर्षं गाडी चालवली तितकी वर्षं, भरलेली असो की रिकामी, त्या चढावर थांबवली. उतारू विचारायचे, काय झालं? नाना म्हणायचे, इंजिन गार करतो.

“म्हणजे तो माणूस अजून...” मी म्हटलं.

“भूतबित काही नसते,” नाना चिडून म्हणाले. “त्यानी थाप मारी, मी थांबनू नही. त्यानं उतरानं राही गयं. बस.”

मला आठवतं, मी तेव्हा त्यांना कुशीत घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी घड्याळात बघितलं. दवाखान्यातली वेळ अकराची होती.

त्या रविवारी मी वडाळा नाक्याला गेले. मला अजूनही शॉकअपच घ्यायचे होते. नानांना ते कळलं असावं, कारण भावाच्या फोनवरून त्यांचा फोन आला, आणि फोन ते स्वतःहून कधीच करत नसत. म्हणाले, “मले गाडीत काही त्रास नही माय. जीपमा जनम गया. तुनी गाडी तर पाळणा शे. टायर टाक.” हनीफभाई समोर उभे होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, तरी ते टायरकडेच बघत होते. शेवटी मी टायर टाकले. अलॉयचं अविनाशला पुढच्या वर्षी म्हणून सांगितलं. टायर चढवताना हनीफभाईंनी ती वाकडी डिस्क हातोड्याने ठोकून जमेल तेवढी सरळ करून दिली आणि गाडीचा ठणठणाट बंद झाला. घरी येईपर्यंत मी मुद्दाम हळू चालवून पाहिली. एकदाही आवाज आला नाही.

पुढच्या फेरीला निघण्याआधी नाना अंगणात उतरून टायरपाशी वाकले. वाकणं त्यांना मना होतं. त्यांनी तळहात नव्या नक्षीवरून फिरवला, बोटं खाचांत घालून बघितली, बोटांच्या पेरांनी टायर वाजवला. नव्या रबराचा काळा वास त्यांच्या हाताला लागला तो त्यांनी हुंगला. एवढे खूश मी त्यांना कितीतरी दिवसांनी बघत होते. बारीत मी न सांगता चढाच्या मध्यावर थांबले. मागचा भाग वर आला. मी क्लच सोडला, टायरांनी खडी घट्ट धरली आणि गाडी इंचभरही मागे न जाता निघाली.

आणि मागे, उताराच्या बाजूला, वाजलं. ठणण, ठणण. लांब लांब जात.

डिस्क तर सरळ झाली होती. आणि आवाज गाडीतून येत नव्हता, गाडीपासून दूर चालला होता. नाना सावकाश माझ्याकडे वळले. वळायलाही त्यांना त्रास व्हायचा.

“तुले बी ऐकू येस?”

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं आपण एकटेच ऐकतोय असं त्यांना वाटत असणार. मला भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण त्याहून जास्त मला त्यांच्या एकटेपणाचं वाईट वाटलं.

शेवटची फेरी फाल्गुनात झाली. हंगाम उतरणीला लागला होता, बागांमधून पाला जाळल्याचा धूर येत होता, तरी त्या दिवशी हायवेवर अवकाळी धुकं होतं. सोग्रसच्या पुढे, काहीच दिसत नसताना, एकदम कांद्याने भरलेली ट्रॉली समोर आली. मागे दिवा नाही, काही नाही, रस्त्यावर सरळ उभी. मी होता नव्हता तेवढा पाय ब्रेकवर दिला. गाडी किंचाळली, आदळली, आणि ट्रॉलीच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. काचेतून मला लाल जाळीच्या गोण्यांतला एकेक कांदा दिसत होता. जुने टायर असते तर आम्ही त्या कांद्यांत असतो, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

“दुखलं का?” मी विचारलं.

नानांनी टॉवेलचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला वाटलं, थंडी. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग हात लांब करून स्टिअरिंगवर, माझ्या हाताशेजारी, दोनदा थोपटलं. मला नाही, गाडीला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी नाना गेले. जलदानविधी झाल्यावर वहिनीने त्यांचे कपडे माझ्यापुढे ठेवले, काय ठेवायचं ते ठेवा म्हणून. त्यात तो टॉवेल होता. धुऊन घडी केलेला. त्याचं एक टोक चावून चावून पार धागे झालेलं होतं. बाकीचा टॉवेल धड होता.

“गुरुवारीच फक्त न्यायचे हा,” वहिनी म्हणाली. “मला वाटायचं, घाम पुसायला.”

मी ते टोक हातात घेऊन बसून राहिले. सटाण्यापासून नाशिकपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी विचारलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांनी नाही म्हटलं होतं. घडातला एक नासका मणी मला हाताला कळतो, आणि शेजारी बसलेल्या बापाचं दुखणं कळलं नाही. ही चूक माझी. ती कोणावर ढकलता येत नाही.

त्या दिवशी परतताना मी एकटी होते. सवयीने बारीत थांबले. दुपारचे बारा वाजलेले, धुकं नाही, टेकड्या उन्हात पांढऱ्या पडलेल्या, चिटपाखरू नाही. मी वाट बघत राहिले. मागचा भाग वर आला नाही. उताराला काही वाजलं नाही. तो माणूस उतरून गेला होता, आणि नानांचं त्याच्याशी जे काही राहिलं होतं ते संपलं होतं, असं मला वाटलं आणि बरं वाटलं. मग मी निघाले, आणि स्टिअरिंग डावीकडे ओढ घेऊ लागलं.

घरी आल्यावर अविनाश म्हणाला, गाडी डावीकडे झुकलीय, हवा बघ. हवा बरोबर होती. पुढची डावी बाजू बोटभर खाली दबलेली होती. शेजारच्या सीटवर कोणी बसलं असावं एवढी.

हनीफभाईंनी वाकून पाहिलं. म्हणाले, डाव्या शॉकअपने तेल सोडलं, स्प्रिंग पण थकली, बदलून टाकू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही मी पुढच्या वर्षी म्हटलं. अविनाशने चेष्टा करून पाहिली, मग रागावून पाहिलं, मग नाद सोडला. मला कारण माहीत होतं पण ते सांगण्यासारखं नव्हतं. दोन हंगाम मी पिंपळगावच्या धुक्यातून त्या झुकलेल्या गाडीत गेले-आले आणि मला एकदाही एकटं वाटलं नाही. डाव्या सीटवर मी डबासुद्धा ठेवत नसे. माझे वडील असते तर मला वेडी म्हणाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

यंदा हंगामाच्या तोंडावर हनीफभाईंनी गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. पुढच्या डाव्या टायरवर बॅटरी धरली. आतल्या बाजूची नक्षी खड्डे पडून पडून उडाली होती, एके ठिकाणी तर तारा दिसायला लागल्या होत्या.

“शॉकअप टायर खातोय मॅडम,” ते म्हणाले. “एवढा चांगला टायर. नानांनी घ्यायला लावलेला ना? याला मी आता रस्त्यावर जाऊ देणार नाय.”

मी बोटं त्या खाचांत घातली. नानांनी घातली होती तशी. हा टायर त्यांनी टॉवेल चावून मला घेऊन दिला होता, माझा जीव वाचावा म्हणून, आणि त्यांना शेजारी धरून ठेवण्यासाठी मी तोच टायर त्या शॉकअपला खाऊ घातला होता. मी हनीफभाईंना म्हटलं, करा. एक दिवस द्या फक्त. त्यांनी दुसऱ्या गाडीचा एक टायर तात्पुरता चढवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारीत गेले. धुकं होतं. चढाच्या मध्यावर, पायवाटेपाशी, थांबले. मागून कांद्याचा एक टेम्पो आला, हॉर्न देऊन बाजूने निघून गेला. मग शांत झालं.

“नाना,” मी म्हटलं. कोणी बघत नव्हतं तरी लाज वाटत होती. “चढावर थांबवलीय. टायर सरकत नाहीत. उतरायचं असेल तर उतरा.”

मी हात मांडीवर ठेवून बसले. डावी बाजू वर आली की मला कळणार होतं. इंजिन बंद केलं, म्हणजे त्याची थरथर नको मध्ये. काचेवरचं दव गोळा होऊन ओघळायला लागलं तरी मी बसून होते. गाडी हलली नाही. दबलेली होती तशीच राहिली. मग मला रडू आलं, आणि रडता रडता मी गाडी चालू करून परत नाशिकला घेऊन आले.

हनीफभाईंनी चारही शॉकअप बदलले, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, डावा टायर नवा टाकला. संध्याकाळी गाडी दारात सरळ उभी होती. त्यांनी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. एकदा वर आली आणि थांबली.

“चला, एक चक्कर,” ते म्हणाले. कामानंतरची चक्कर ते नेहमीच मारतात. मी चालवायची आणि त्यांनी माझ्या डावीकडे बसून, डोळे मिटून, आवाज ऐकायचा. या वेळी त्यांनी पुढचं दार उघडलं, क्षणभर उभे राहिले, हळूच लावून घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

“पुढे बसा ना, हनीफभाई,” मी म्हटलं.

“नको मॅडम,” ते हात पुसत म्हणाले. “असू द्या.”

मी गाडी काढली. वडाळा नाक्यावरून इंदिरानगरकडे वळताना एक गतिरोधक आहे, उंच, कडेला फुटलेला. चौदा वर्षांत त्याने मला दिलेला प्रत्येक दणका माझ्या पाठीला माहीत होता. मी गाडी त्याच्यावर घातली. ती वर चढली, खाली उतरली आणि काहीच झालं नाही, भरलेल्या पेल्यातलं पाणीही हिंदकळलं नसतं. माझी मान सवयीने डावीकडे वळली.

“दुखलं का?” मी विचारलं.

आरशात हनीफभाई डोळे मिटून इंजिन ऐकत राहिले. प्रश्न त्यांना नव्हता, हे त्यांना कळलं होतं.